गुलाबी अंडी आणि गायब चूड : फिलिपिन्सच्या भातशेतीतल्या सोनेरी गोगलगायीचे प्रकरण

फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर उत्तरेला कागायान खोरे आहे. कालव्याच्या पाण्यावर वर्षाला दोन भातपिके घेणारा हा भाग. १९८६ साली इथल्या सुमारे ३०० हेक्टर शेतांत लावलेली रोपे काही दिवसांतच नाहीशी होत असल्याची नोंद झाली. करपा नव्हता, खोडकिडाही नव्हता. पाण्याखाली बुंध्याशी कुरतडलेले खोड आणि बांधाच्या कडेला तरंगत जमा झालेली हिरवी पाती, एवढाच पुरावा खाचरात मागे राहायचा. दशक संपता संपता हीच तक्रार देशातल्या साधारण ३० लाख हेक्टर भातक्षेत्रापैकी ४ लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्रातून येऊ लागली होती.

हे नुकसान करणारी होती गोड्या पाण्यातली एक गोगलगाय, पोमेसिया कॅनॅलिक्युलाटा. तिथले शेतकरी तिला ‘गोल्डन कुहोल’ म्हणतात. तिच्यावर पहिला उपाय झाला विषाचा. त्याने माणसे आजारी पडली, मासे आणि बेडूक मेले, आणि गोगलगाय कालव्याच्या पुढच्या पाळीच्या पाण्याबरोबर परत आली. खरा उपाय निघाला तो खाचरातल्या पाण्याच्या खोलीत. लावणीनंतरचे पहिले पंधरा दिवस पाणी दोन सेंटिमीटरच्या आत राखता आले तर पीक वाचते, नाही तर वाचत नाही. हे वाक्य सोपे वाटते, पण अमलात आणणे किती अवघड आहे ते पुढे येईलच.

ती तिथे आली कशी

या गोगलगायीचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिना-उरुग्वेकडच्या ला प्लाटा नदीच्या खोऱ्यात. १९८० च्या सुमारास ती अर्जेंटिनातून तैवानात नेली गेली, ती खाण्यासाठी. झटपट वाढते, काहीही हिरवे खाते, प्रथिने भरपूर आणि युरोपात गोगलगायीला चांगला भाव, असा तो हिशेब होता. प्रत्यक्षात चव लोकांना रुचली नाही, मांस मऊ आणि चिकट निघाले, आणि युरोपच्या बाजारात गोड्या पाण्यातल्या या गोगलगायीला कोणी विचारले नाही. टाक्या रिकाम्या झाल्या त्या जवळच्या ओढ्यात आणि पाटात. १९८२ मध्येच तैवानातल्या १७ हजार हेक्टर भाताला तिचा उपद्रव झाला होता आणि १९८६ पर्यंत तो आकडा १ लाख ७० हजारांच्या वर गेला.

फिलिपिन्समध्ये ती मुख्यतः तैवानमधून आणि एकापेक्षा जास्त वेळा आणली गेली, ती याच काळात, १९८२ ते १९८४ दरम्यान. म्हणजे शेजारच्या बेटावर भात उद्ध्वस्त होत असताना इकडे परसातला जोडधंदा म्हणून तिची पैदास शिकवली जात होती, आणि त्यात सरकारी यंत्रणाही होती, खासगी लोकही होते. या प्रकरणातली सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच. माहिती नव्हती असे म्हणायला जागाच नाही. बाजार मिळाला नाही तर या जनावराचे काय करायचे, हा प्रश्न आयात करण्याआधी विचारला गेला नाही. उत्तर अर्थातच तैवानसारखेच निघाले. हौद फुटले, पुरात वाहिले, किंवा कंटाळून कालव्यात ओतले गेले.

जपान, थायलंड, दक्षिण चीन, व्हिएतनाम, इंडोनेशिया इथेही थोड्याफार फरकाने हेच घडले. जगातल्या शंभर सर्वात घातक आक्रमक प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने केली, तिच्यात ही गोगलगाय आहे. आपल्या सोयाबीनमध्ये धुमाकूळ घालणारी आफ्रिकन शंखी गोगलगायही त्याच यादीत आहे.

जनावर कसे आहे

पूर्ण वाढलेला शंख साधारण पाच-सहा सेंटिमीटर उंच, कधी त्याहून मोठा, गोलसर, पिवळट-तपकिरी, बहुधा गडद पट्टे असलेला. वेटोळ्यांच्या मधली खाच खोल असते. नर-मादी वेगळे. मादी नराचे शुक्रजंतू बराच काळ साठवून ठेवते, त्यामुळे समागम झालेली एक मादी पाटातून नव्या शेतात पोचली तरी वसाहत उभी राहायला तेवढे पुरते.

श्वासाची सोय दुहेरी आहे. शरीराच्या पोकळीत उजवीकडे कल्ला, डावीकडे फुप्फुस. पाण्यात प्राणवायू असला की कल्ल्यावर भागते. कुजका चारा पडून पाणी आंबले की ती पृष्ठभागाजवळ येते, मानेच्या डाव्या बाजूची लवचीक नळी पाण्याबाहेर काढते आणि शरीर पाण्यातच ठेवून हवा आत ओढते. म्हणून पाणी घाण झाले तर मरेल ही आशा ठेवू नये. पाणी पूर्ण आटले तर ती चिखलात काही सेंटिमीटर खाली जाते, झाकण घट्ट लावते आणि पडून राहते. काही महिने, अगदी सहा महिन्यांपर्यंत ती अशी तग धरते आणि पाणी आले की तासाभरातच चालू लागते. उन्हाळाभर कोरडे पडलेले शेत भरल्यावर एका रात्रीत गोगलगायी दिसतात त्या बाहेरून आलेल्याच असतात असे नाही.

अंडी हा तिच्या यशाचा मोठा भाग. मादी रात्री पाण्यातून वर चढते. भाताचे खोड, बांधावरचे गवत, काठी, मोरीचा दगड, कालव्याची सिमेंटची भिंत, जे मिळेल त्यावर पाण्याच्या रेषेच्या वर अंड्यांचा गुच्छ चिकटवते. अंडी सुरुवातीला मऊ आणि ओलसर असतात, मग चुन्याचे कवच वाळून भडक गुलाबी होतात. एका गुच्छात सरासरी दोन-तीनशे, कधी चाळीस-पन्नास, तर कधी हजाराच्या घरात. उष्ण हवेत सात ते चौदा दिवसांत पिल्ले बाहेर येतात. फुटण्याआधी गुच्छ फिकट, राखाडी-पांढरा पडतो, त्यामुळे रंगावरून किती दिवस हातात आहेत याचा अंदाज येतो. दोन-तीन मिलिमीटरची पिल्ले टपटप पाण्यात पडतात आणि दोन-तीन महिन्यांत, शंख अडीच सेंटिमीटरच्या आसपास झाला की, स्वतः अंडी घालू लागतात. फिलिपिन्ससारख्या उबदार देशात हे चक्र वर्षभर थांबत नाही.

उघड्यावर ठेवलेली, लांबून दिसणारी अंडी कोणी खात कसे नाही? कारण ती खाण्यालायक नाहीत. अंड्यांतल्या एका प्रथिनाचे पचन होत नाही आणि ते खाणाऱ्याच्या पचनातही अडथळा आणते. दुसरे प्रथिन मज्जातंतूंना मारक आहे, प्रयोगशाळेत उंदीर त्याने मरतात. गुलाबी रंग त्याच प्रथिनांना जोडलेल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा. उष्ण प्रदेशातली एक आगमुंगी ही अंडी फोडून खाताना फिलिपिन्समध्ये आढळली आहे. तिच्याखेरीज अंड्यांना म्हणावा असा शत्रू नाही.

मात्र याच अंड्यांची एक कमजोरी आहे. ती हवेत वाढण्यासाठी बनलेली आहेत, ताजा गुच्छ पाण्यात बुडून राहिला तर तो सहसा उबत नाही. फुटायला आलेला पांढरट गुच्छ मात्र पाण्यात ढकलला तर पिल्लांचे काम आपणच सोपे करतो. म्हणून गुच्छ काठीने पाण्यात पाडण्यापेक्षा चिरडणे बरे, तेही हातमोजे घालून.

भाताचे नुकसान नेमके कधी

गोगलगाय तोंडातल्या खरखरीत दातपट्टीने कोवळे खोड बुंध्याशी किसते. खोड तुटले की पान पाण्यावर लोळते आणि तिथे ती आरामात खाते. खोड जाड झाले, त्यात तंतू आले, की ते तिला झेपत नाही. लावलेल्या भाताला धोका लावणीपासून साधारण १५ दिवस आणि पेरलेल्या भाताला पेरणीपासून ३० दिवस. या खिडकीबाहेर तीच गोगलगाय भाताला जवळजवळ निरुपद्रवी असते.

दीड सेंटिमीटरपेक्षा लहान गोगलगाय लावलेल्या रोपाचे फारसे बिघडवू शकत नाही. दोन ते तीन सेंटिमीटरची, वाढीच्या ऐन भरातली, सगळ्यात खादाड. अशी मध्यम आकाराची एक गोगलगाय दर चौरस मीटरला असेल तर सुमारे २० टक्के चूड (एका जागी एकत्र लावलेल्या रोपांचे झुबके) जातात, आठ असतील तर ९० टक्क्यांहून जास्त. दर चौरस मीटरला एक म्हणजे एकरी चार हजार. बांधावरून नजर टाकली तर ही संख्या डोळ्यांत भरतही नाही, कारण दिवसा त्या चिखलाशी दडून असतात आणि खाणे मुख्यतः संध्याकाळी, रात्री आणि पहाटे चालते. रिकामे ठिगळ दिसते तोवर पुन्हा लावणीची वेळ आलेली असते, आणि त्या वयाची रोपे कुणाकडेच शिल्लक नसतात.

१९९० या एका वर्षात फिलिपिन्सच्या भातशेतीला या गोगलगायीमुळे पडलेला भुर्दंड २.८ ते ४.५ कोटी अमेरिकी डॉलर असावा, असा अंदाज अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. त्यात घटलेले उत्पन्न, पुन्हा लावणी, वेचणीची मजुरी आणि विष यांचा खर्च धरला होता. माणसांच्या आरोग्यावरचा आणि ओढ्या-तळ्यांवरचा परिणाम धरलेला नव्हता.

कालवा हाच रस्ता

चालून ही गोगलगाय फार लांब जात नाही. पाणी तिला नेते. पकड सोडून, फुप्फुसात हवा धरून ती पृष्ठभागावर तरंगते आणि प्रवाहाबरोबर वाहते. पिल्ले तर हलकीच. वरच्या वितरिकेतून खालच्या चारीत, चारीतून पहिल्या खाचरात, आणि एका खाचराचे पाणी फोडून दुसऱ्यात घेण्याची पद्धत असेल तर तिथून ओळीने सगळ्या शेतांत. वादळी पावसात सगळे बांध बुडाले की एका रात्रीत अख्खी खाडीकाठची पट्टी बाधित होते. त्याखेरीज नांगराला लागलेला चिखल, रोपांच्या जुड्या, पाणवनस्पती, आणि पाळण्यासाठी किंवा खाण्यासाठी पिशवीतून नेलेल्या जिवंत गोगलगायी. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर ती गेली ती माणसांच्या हातूनच.

विषाचा मार्ग आणि तो का फसला

हातात आधी आली ती कथिलयुक्त सेंद्रिय रसायने, म्हणजे ट्रायफेनिलटिन गटातली बुरशीनाशके. गोगलगायीवर ती जालीम होती. पण वापरली कशी जात होती ते पाहा. चिखलणी झाली, पाणी भरले, विष टाकले आणि एक-दोन दिवसांत त्याच पाण्यात बायका-पुरुष अनवाणी लावणीला उतरले. नखे काळी पडून गळणे, कातडी सोलणे, डोळ्यांना अंधारी येणे, काहींची दृष्टी जाणे अशा तक्रारी गावोगावहून आल्या. शेवटी १९९० च्या दशकात या गटावर बंदी घालावी लागली.

मागे राहिली दोन मुख्य रसायने. निक्लोसामाइड गोगलगायीला मारते, पण मासे आणि बेडकांनाही सोडत नाही. भातखाचरात मासे धरून खाणाऱ्या कुटुंबाला ही किंमत लगेच मोजावी लागते. मेटाल्डिहाइड माशांना त्या मानाने सौम्य. ते गोगलगायीच्या अंगातला चिकट स्राव बाहेर काढून तिला सुकवते. जमिनीवर हे छान चालते. उभ्या पाण्यात ती गमावलेले पाणी पुन्हा शोषते आणि बऱ्याचशा सावरतात. खाचरातले पाणी काढून, ओल्या चिखलावर टाकले तरच त्याचा नीट उपयोग होतो. आणि पाणी काढताच येत असेल तर निम्मे काम विषाशिवाय झालेलेच असते! आमिषाच्या गोळ्या कुत्र्यांनी खाल्ल्या तर ती मरतात, हेही विसरू नये.

विष फसण्याचे मुळातले कारण मात्र वेगळे आहे. फवारणी होते एका शेतात, एका दिवशी. चिखलात झाकण लावून बसलेल्या गोगलगायी वाचतात, पाण्याच्या वर असलेली अंडी वाचतात, आणि पुढच्या पाळीला कालवा नव्या आणून सोडतो. दर पाळीला विष टाकायचे तर पीक वाचून शेतकरी बुडतो. शिवाय त्या विषाने तिथली मूळची पाणगोगलगायही मेली, जी लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले होते.

पाण्याचा मार्ग, कामाच्या क्रमाने

फिलिपिन्सची भात संशोधन संस्था, लॉस बानोसची आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आणि १९९३ पासून चाललेल्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन कार्यक्रमातल्या शेतीशाळा यांनी जी पद्धत बसवली ती एका तत्त्वावर उभी आहे. अंग पाण्याखाली असले तरच ही गोगलगाय सहज फिरते आणि खाते. पाण्याची खोली शंखाच्या उंचीपेक्षा कमी झाली की ती थांबते आणि पाणी असेल तिकडे सरकते.

पहिले काम मागचे पीक कापल्यावरच. शेतात बदके सोडायची, हेक्टरी दोनशे ते चारशे. ती लहान आणि मध्यम गोगलगायी गिळतात, मोठ्या त्यांच्या घशातून उतरत नाहीत. मग कोरडी नांगरट. चिखलणीच्या वेळी पॉवर टिलरच्या पात्यांखाली मोठ्या शंखांचा चुरा होतो, बारीक तेवढ्या निसटतात. पाणी आत येण्याच्या तोंडावर जाळी बसवायची.

चिखलणीनंतर जमीन समपातळीत आणणे, ही या पद्धतीची खरी परीक्षा. फळी नीट फिरली नाही तर उंच भागावर चिखल उघडा आणि खोलगट भागात चार-पाच सेंटिमीटर पाणी, अशी स्थिती होते. सगळ्या गोगलगायी त्या डबक्यात जमतात आणि नेमके तेवढेच ठिगळ साफ होते. शेतकरी म्हणतो, पाणी काढले तरी खाल्लेच. खाल्ले ते न सपाटलेल्या कोपऱ्यात.

सपाटीनंतर चर. रुंदी १५ ते २५ सेंटिमीटर, खोली ५ सेंटिमीटर, दर १० ते १५ मीटरवर एक, शिवाय बांधाच्या कडेने. फावड्याने खणत बसायचे नाही. पोत्यात दगड किंवा माती भरून दोरीने ओल्या चिखलावरून ओढले की चर पडतो. पाणी उतरले की गोगलगायी चरांत उतरतात. चरांत पपईची, अळवाची किंवा केळीची पाने टाकली की त्यांच्याखाली गोळा होतात. सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाने उचलायची आणि वेचायचे. अख्खे खाचर चाळण्यापेक्षा चर चाळायला फारच कमी वेळ लागतो. शेताच्या ओल्या भागात आणि चरांच्या कडेने बांबूच्या काठ्या रोवल्या की माद्या त्यांवर चढून अंडी घालतात. या काठ्या आठवड्यातून एकदा तरी तपासायच्याच. सात दिवसांत अंडी फुटू शकतात, त्यामुळे दहा दिवसांनी पाहिलेली काठी म्हणजे गोगलगायींची रोपवाटिका.

रोपे २५ ते ३० दिवसांची लावायची, तीही चुडात एकापेक्षा जास्त. दापोग पद्धतीची, म्हणजे केळीच्या पानांवर किंवा प्लास्टिकवर दाट वाढवलेली, १०-१४ दिवसांची नाजूक रोपे बाधित शेतात लावणे म्हणजे त्यांना जेवायला वाढणेच. तिसऱ्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत पाणी एक-दोन सेंटिमीटर, मध्येमध्ये काढून पुन्हा पातळ भरायचे, आणि मग रोपाच्या वाढीबरोबर वाढवत न्यायचे.

कुठे घोटाळा होतो

पाणी उतरवले की तण उगवते. भातात पाणी उभे ठेवण्याचे निम्मे कारण तण दाबणे हेच असते. गोगलगायीसाठी चिखल उघडा टाकला की पाखडासारखी गवते जोर धरतात आणि एक जास्तीची बेणणी अंगावर येते. दुसरे, युरिया. ओले-सुके होणाऱ्या चिखलावर फेकलेल्या युरियातला नत्र मोठ्या प्रमाणात हवेत जातो, म्हणून तो पाणी स्थिर झाल्यावर द्यावा लागतो.

तिसरी अडचण सगळ्यात कठीण, कारण ती एका शेतकऱ्याच्या हातात नाही. कालव्याचे पाणी पाळीने येते. पुढची पाळी वेळेवर येईल याची खात्री नसेल तर कोणीही आलेले पाणी सोडून देणार नाही, बांधभर कोंडून ठेवेल. दोन सेंटिमीटर पाणी ठेवा हा सल्ला तिथे कागदावर राहतो. वरच्या शेतकऱ्याने आपले पाणी फोडले की खालच्याच्या खाचरात त्याच्या गोगलगायी. ज्या भागात कालव्यावरच्या शेतकरी संघटनांनी एकाच आठवड्यात चिखलणी, एकत्र वेचणी आणि चाऱ्यांची सफाई ठरवली, तिथे पद्धत टिकली. सुटे प्रयत्न पुढच्या पाळीत वाहून गेले. आपल्याकडच्या पाणीवापर संस्थांना हे चित्र अनोळखी नाही.

जाळीचे दुखणे रोजचे आहे. बारीक जाळी पेंढ्याने आणि शेवाळाने तासाभरात तुंबते, मोठी जाळी पिल्ले थांबवत नाही. मोठ्या गोगलगायी अडवण्यासाठी ती ठेवावी, पण दिवसातून एकदा साफ करायला माणूस नसेल तर पाणी बांध फोडून आत येते. पावसाळी पिकात तर सलग पाऊस लागला की पाणी काढायला जागाच नसते. तेव्हा वेचणी आणि वयस्क रोपे एवढेच हातात उरते.

लुझोनमधल्या इफुगाओ प्रांताच्या डोंगरी पायऱ्यांच्या खाचरांत तर ही पद्धत उलटू शकते. ती खाचरे वर्षभर पाण्याने भरलेली ठेवतात, कारण वाळली तर ताली तडकतात आणि ढासळतात. तिथे गोगलगायीसाठी शेत सुकवा म्हणून सांगणारा माणूस शेतच घालवून बसेल. हातवेचणी आणि बदके, याशिवाय तिथे इलाज नाही.

मजुरीच्या टंचाईने आणखी एक पेच टाकला. लावणीचा खर्च वाचवण्यासाठी मोडाचे बी चिखलावर फोकण्याची पद्धत, जिला कोकणात रहू पेरणी म्हणतात, फिलिपिन्समध्ये वाढत गेली. नुकता फुटलेला अंकुर गोगलगायीला सगळ्यात सोपा आणि धोक्याची खिडकी पंधराऐवजी तीस दिवसांची. लावणीत वाचलेली मजुरी चर, वेचणी आणि पाण्याच्या राखणीत जाते. बाधित भागात रहू करायचीच असेल तर जमिनीची सपाटी आणि निचरा आधी, बियाणे नंतर.

खिडकी बंद झाल्यावर

तीस-पस्तीस दिवसांनी भात जून होते आणि हीच गोगलगाय ओळींतले कोवळे तण खाऊ लागते. कोरिया आणि जपानमधल्या काही सेंद्रिय शेतकऱ्यांनी तिचा तणनाशक म्हणून वापरही केला. जिथे ती आधीच पसरली आहे तिथे हा फायदा घ्यायला हरकत नाही. जिथे नाही तिथे या कारणासाठी आणणे म्हणजे १९८२ ची चूक पुन्हा करणे. थायलंडमधल्या पाणथळ जागांत तिने पाणवनस्पती फस्त केल्यावर निवळ पाणी शेवाळाने हिरवे आणि गढूळ झाल्याचे संशोधनात दिसले आहे. तण आणि कमळ यांत ती भेद करत नाही.

या टप्प्यावर बदके पुन्हा सोडता येतात, लोंब्या बाहेर पडण्यापूर्वी काढायची. वेचलेल्या गोगलगायी ठेचून बदकांना, शिजवून डुकरांना किंवा माशांना घालतात. माणसांनी खायच्या तर पूर्ण शिजवूनच, आणि विष टाकलेल्या शेतातल्या कधीच नाहीत. उंदराच्या फुप्फुसातला एक जंत या गोगलगायीत वाढतो. अर्धकच्ची खाल्ली तर तो माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. २००६ साली बीजिंगमध्ये एका हॉटेलातल्या या गोगलगायीच्या पदार्थामुळे १६० लोकांना असा मेंदूज्वर झाला होता.

आपल्या खाचरात दिसली तर

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवच्या सोयाबीनवर जी आली ती जमिनीवरची शंखी गोगलगाय, हिच्याशी तिचा संबंध नाही. तिच्यासाठी वापरलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या पाणी भरलेल्या खाचरात टाकून उपयोग होणार नाही, हे वर आलेच. कोकणातल्या आणि झाडीपट्टीतल्या भातखाचरांत, तळ्यांत जी मोठी पाणगोगलगाय दिसते ती सहसा आपली देशी पायला. तिला मारू नये. फरक ओळखायला दोन खुणा पुरतात. पायलाची अंडी पांढरी, आणि ती तळ्याकाठच्या ओल्या मातीत, खळग्यात घातलेली असतात. पाण्याच्या वर काडीवर चिकटलेला भडक गुलाबी गुच्छ पायलाचा कधीच नसतो. दुसरी खूण झाकणाची. नखाने दाबून पाहा. पायलाचे झाकण चुन्याचे, जाड, कडक आणि आतून चकचकीत. पोमेसियाचे झाकण तपकिरी, शिंगासारखे आणि किंचित वाकणारे.

घरच्या मत्स्यपेटीतली ‘मिस्ट्री स्नेल’ ही पोमेसियाचीच एक जात. ती भातावर एवढी तुटून पडत नाही. पण पेटीत नेमकी कोणती जात आहे हे दुकानदारालाही शंखावरून सांगता येत नाही, म्हणून पेटी बंद करताना ती ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नये. गोठवून मारावी आणि पुरावी.

गुलाबी गुच्छ आढळलाच तर जागेवर फोटो काढावा, शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून. गुच्छ आणि दोन-तीन गोगलगायी वेचून कृषी सहायकाला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाला कळवावे. जिवंत गोगलगाय डब्यातून गावोगाव दाखवत फिरू नये. नमुना द्यायचा तर पायाच्या मांसाचा तुकडा तीव्र अल्कोहोलमध्ये आणि शंख झाकणासकट वेगळा ठेवावा. पोमेसिया कॅनॅलिक्युलाटा आणि तिची जवळची बहीण पोमेसिया मॅक्युलाटा या शंखावरून खात्रीने वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्याला डीएनए लागतो. आणि मॅक्युलाटाच्या एकेका गुच्छात हजार-दीड हजार किंवा त्याहूनही जास्त अंडी असतात, तेव्हा कोणती आली आहे यावर वेचणीला किती माणसे लागतील हे ठरते.